पिशवीत काय आहे ते दाखव

सायकलने कामाला जातोस म्हणून मी तुझी पाठ थोपटीन, या आशेने आला असशील तर ती आशा इथेच सोड. सायकल तब्येतीला चांगली, खिशाला चांगली, हे तू मला शिकवायचं नाहीस. नोकरीचा बहुतेक काळ मीही सायकलवरूनच शाळा गाठली आहे. मला बोलायचं आहे ते तू सायकलवर काय घेऊन जातोस आणि काय घेत नाहीस यावर. बस खाली. मोबाइल टेबलावर पालथा ठेव. आणि मी बोलत असताना मधेच ‘पण सर’ म्हणू नकोस.

मंगळवारी संध्याकाळी मी एसटीत होतो. पेरीडच्या अलीकडे तू रस्त्यावर होतास. आषाढातला पाऊस, सात वाजायच्या आतच अंधारलेलं. डाव्या हातात उघडी छत्री, उजवा हात हँडलवर. हँडलला प्लास्टिकच्या पिशवीत लोंबणारा डबा. अंगात काळा शर्ट. पाठीवर फुगलेली सॅक. सायकलच्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, सगळी एसटी पुढे झोकांडली, म्हाताऱ्या बायका दांड्यांवर आदळल्या, आणि तू मागे वळूनही पाहिलं नाहीस, कारण कानात वायरी होत्या. त्या ड्रायव्हरची नजर तिखट होती, म्हणून तू आज माझ्यासमोर बसला आहेस. त्यात तुझं कर्तृत्व काहीही नव्हतं.

आता ती सॅक उघड. एकेक वस्तू बाहेर काढ आणि टेबलावर मांड.

पतसंस्थेच्या जुन्या पावत्या. दोन चार्जर. डिओचा डबा. गेल्या महिन्याचं लग्नाचं निमंत्रण. ओला टॉवेल, तोही कधीचा कुणास ठाऊक. जिमचे बूट. पाच किलो तरी ओझं आहे हे, आणि रोज तू ते पाठीवर घेऊन जातोस आणि परत आणतोस. पंप कुठे आहे? पंक्चरचं सामान? पाना? कोरडा शर्ट? एकही नाही. रस्त्यात अडलास तर घरी पोचवील अशी एकही वस्तू या ढिगात नाही. माझा राग याच्यावर आहे. तू ओझं वाहतोस, तयारी वाहत नाहीस.

मागच्या महिन्यात पंक्चर झालं तेव्हा काय केलंस, ते मला तुझ्या आईने सांगितलं. भावाला फोन केलास. तो शेतातली औत-माणसं सोडून मोटारसायकल घेऊन भर पावसात आला. सायकल तिथेच एका टपरीमागे टाकून दोघे घरी गेलात. दुसऱ्या दिवशी टेम्पो सांगून सायकल आणलीत. आठ-नऊ किलोमीटरच्या वाटेसाठी एका माणसाचा अर्धा दिवस, मोटारसायकलचं पेट्रोल आणि टेम्पोचं भाडं. एका ठिगळाचं काम होतं ते. अर्ध्या तासाचं.

१९२३ सालच्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रवास पुरा करून मुंबईत परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर. वाळवंटं ओलांडली त्यांनी. त्यांनी कुणाला फोन करायचा होता? चाक बसलं तर त्यांनीच काढायचं, त्यांनीच जोडायचं. तुला पृथ्वीप्रदक्षिणा करायची नाही. तुला मलकापुरात दहाच्या ठोक्याला पतसंस्थेच्या खुर्चीत बसायचं आहे आणि संध्याकाळी चुलीपाशी परतायचं आहे. तेवढं तरी स्वतःच्या हिमतीवर कर.

पंक्चरचं नीट ऐक, कारण शाळेत हे मी शिकवलं नाही आणि आता शिकवल्याशिवाय सोडणार नाही. आपला हा कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता, राष्ट्रीय महामार्ग १६६. चौपदरीकरणाने साइडपट्टीवर खडी, कच, खिळे, काय नाही ते सांडलेलं असतं. त्यात फुटलेल्या ट्रकटायरच्या बारीक पोलादी तारा. डोळ्यांना दिसत नाहीत, ट्यूबला बरोबर सापडतात. पावसात तर जास्तच, कारण ओल्या रबरात तार आणि काच सहज शिरते. तेव्हा पंक्चर होईल का, हा प्रश्नच नाही. कधी होईल एवढंच विचार.

तुझी सायकल जुन्या घाटाची आहे, अठ्ठावीस-दीडची. तिला चाक न काढता पंक्चर काढता येतं. सायकल आडवी कर, एका बाजूने टायर उचल, ट्यूब बाहेर ओढ, हवा भर, ओठांपाशी धरून फुसफुस कुठे लागते ते बघ. भोक सापडलं की ती जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घास. सोल्यूशन पातळ लाव. आणि थांब. इथेच सगळे घाई करतात. ओल्या सोल्यूशनवर पॅच बसत नाही. बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच ठेव आणि अंगठ्याने दाब. ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरव, सावकाश. तो काटा किंवा ती तार अजून तिथेच असते. ती न काढता ट्यूब घातलीस तर पुढच्या वळणावर पुन्हा बसशील आणि रस्त्याला शिव्या देशील.

यासाठी लागतं काय? सोल्यूशनची नळी, चार पॅच, पॉलिश पेपरचा तुकडा, दोन टायर लिव्हर, एक पाना, लहान पंप. सगळं एका जुन्या मोज्यात मावतं. सोल्यूशनची नळी एकदा फोडली की ती वाळते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी दाबून बघायची. आणि व्हॉल्व्हवरची ती बारीक रबरी नळी! काही रुपड्यांची वस्तू. ती वाळून चिरली की ट्यूब धडधाकट असूनही हवा राहत नाही आणि माणूस तासभर नसलेलं पंक्चर शोधत बसतो. तिचे दोन तुकडे काड्यापेटीत घालून ठेव. तुझ्या त्या मित्राला सांग, गिअरची सायकल घेतली आहे त्याला. त्याच्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा, ट्यूब वेगळी, मापही वेगळं. टायरच्या बाजूवर माप छापलेलं असतं, ते वाचून तशीच एक ट्यूब त्याने कायम जवळ ठेवावी. तालुक्याच्या गावात ती प्रत्येक दुकानात मिळेल असं धरून चालू नये. आणि पंप आपल्या व्हॉल्व्हला बसतो की नाही हे घरी बघायचं असतं. ते रस्त्यात कळण्यात काय अर्थ?

आता दिवा. याबाबतीत मी तुला माफ करणार नाही. माझ्या लहानपणी शहरगावात सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, आणि रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचा, चाकातली हवा सोडायचा. रॉकेलचा मिणमिणता दिवा का होईना, माणसं लावायची. पुढे टायरला घासून फिरणारा डायनामो आला. आज बोटाएवढा दिवा शे-दोनशे रुपयांत मिळतो, तर तुम्ही मोबाइलची टॉर्च दातांत धरून जाता. समोरचा खड्डा दिसला म्हणजे झालं, असं तुम्हाला वाटतं. अरे, तुला दिसणं हे अर्धंच काम. तू दुसऱ्याला दिसणं हे उरलेलं, आणि जीव जातो तो त्या उरलेल्या अर्ध्यात. ताशी साठने येणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते. तू काळ्या शर्टात, पाऊस काचेवर, समोरून हेडलाइटचा झोत. ड्रायव्हरला तू दिसेपर्यंत तुझ्यात आणि बंपरमध्ये उरणार काय? २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलवाले होते. ती माणसंही कुठून तरी घरीच निघाली होती.

मागे लाल दिवा, पुढे पांढरा. मागचा आधी घे. पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर मागचाच घे. रिफ्लेक्टर हवेतच. सायकलीच्या रिफ्लेक्टरचा दर्जा ठरवून देणारा आदेश केंद्र सरकारने २०२० साली काढला, तो उगाच नाही. पण रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. गाडीचा दिवा त्याच्यावर पडला नाही तर तो काळाच. तुझ्या पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर तू काढून टाकलेस, असं तुझा भाऊ म्हणाला. का? पायाबरोबर ते वर-खाली होतात, आणि हलता ठिपका ड्रायव्हरला लांबून कळतो. पुन्हा लाव ते. मागचा दिवा कॅरिअरवरच्या सामानाने झाकला जात नाही ना, हे रोज उतरून बघायचं. दिवा चार्जिंगचा असेल तर पतसंस्थेत दुपारी चार्जला लाव. सेलचा असेल तर दोन सेल जादा ठेव, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कारण आपल्या इथल्या ओलीने सेलच्या तोंडाला हिरवट कीट चढते.

दिवाळी झाली की ऊस सुरू होतो. सोनवडे-बांबवड्याच्या कारखान्याकडे, वारणेकडे ट्रॅक्टर निघतात. मागे दोन-दोन ट्रेलर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, गाणी मोठ्याने लावलेली, मागे दिवा असेलच असं नाही. त्यांना तू ऐकू जाणार नाहीस. त्यांना तू दिसलास तरच वाचशील. आणि आंबा घाटाच्या बाजूच्या गावांतून जी पोरं मलकापुरात कामाला येतात, त्यांनी तर पहाटे-संध्याकाळी गव्याचंही भान ठेवावं. मोठा गवा हजार किलोच्या घरात जातो. धुक्यात तो रस्त्यात उभा असला तर दहा पावलांवर येईपर्यंत नुसता काळोख दिसतो. घंटी वाजवत त्याच्या अंगावर जाऊ नये. उतरावं, थांबावं, त्याला वाट द्यावी.

हेल्मेट? सायकलवाल्याला कायदा हेल्मेट विचारत नाही. म्हणून तू घालत नाहीस. कायदा तुला सकाळी जेवलास का, हेही विचारत नाही. डोकं तुझं आहे, घाल.

छत्रीबद्दल मी एकदाच बोलणार. छत्री घेऊन सायकल चालवायची नाही. वाऱ्याने छत्री उलटली की हँडल जातं, आणि एका हाताने पावसात ब्रेक लागत नाही. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर आधीच घसरतात, थांबायला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं. आपल्या आज्याने इरलं पांघरून भात लावला, घोंगडं घेऊन गुरं राखली, कारण हात मोकळे लागतात हे त्याला कळत होतं. तू रेनकोट घे. पँट वेगळी, कोट वेगळा. घोळदार एकसंध नको, तो चाकात जातो. रंग पिवळा किंवा केशरी. टोपी अशी नको की मान वळवली तरी टोपी पुढेच बघत राहील.

आता डबा हँडलवरून काढ. तो कॅरिअरवर बांध. हँडलला लोंबणारी पिशवी झुलते, आणि एखाद्या दिवशी स्पोकमध्ये जाते. पुढचं चाक जागच्या जागी अडतं आणि माणूस हँडलवरून तोंडावर पडतो. दात, हनुवटी, मनगट. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं वर्णन तुला करणार नाही. गवळ्याकडे बघ. दोन किटल्या, मागच्या चाकाच्या दोन बाजूंना, एकीकडे एक, दुसरीकडे एक, जड भाग खाली. वीस-पंचवीस लिटर दूध घेऊन तो चढ चढतो आणि सायकल डुलत नाही. वजन खाली आणि समतोल असलं की सायकल माणसाचं ऐकते. तू तेच वजन पाठीवर, म्हणजे सगळ्यात उंच ठेवतोस. पाठ घामाने भिजते, खांदे आखडतात, आणि वळणावर तोल जातो तेव्हा रस्त्यावर राग काढतोस. कॅरिअरला दोन बाजूंच्या पिशव्या शिवून घे. रेग्झिनच्या घे, मलकापुरात शिवून मिळतील. जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती बांधायला ठेव. त्या पट्टीसारखा आवळणारा आणि फुकटात मिळणारा दोर दुसरा नाही.

आत काय घालायचं, तेही सांगतो, कारण विचारायची तुला लाज वाटेल. एक कोरडा शर्ट आणि एक बनियन, प्लास्टिकमध्ये तोंड बांधून. ओल्या कपड्यांनी सहा तास पंख्याखाली बसून तू मागच्या पावसाळ्यात किती वेळा आजारी पडलास, ते आठव. बूट पतसंस्थेतच ठेव. टॉवेल, साबण, कंगवाही तिथेच. रोज वाहायच्या वस्तू नाहीत त्या. आठवड्याची कापडं ज्या दिवशी एसटीने जाशील त्या दिवशी नेऊन ठेव. डब्यात आमटी नेणार असशील तर घट्ट झाकणाच्या कप्प्यात ने, नाहीतर भाकरी, झुणका, खर्डा पुरे. कपड्यांच्या पिशवीत डबा नको. पाण्याची बाटली लागतेच. अंतर कमी आहे म्हणून पाणी नको असं म्हणू नकोस. पडलास तर जखम कशाने धुशील? चेनचे हात कशाने धुशील? एका डबीत गूळ-शेंगदाणे ठेव. जखमेसाठी स्वच्छ कापडाची पट्टी ठेव. एका कागदावर रक्तगट आणि घरच्या दोघांचे नंबर लिहून खिशात ठेव. मोबाइल लॉक असतो, तो बोलत नाही. विशाळगडाच्या बाजूला उतरलास की त्याला रेंजही नसते. शंभराच्या दोन नोटा वेगळ्या ठेव, आणि त्या चहात घालवू नकोस.

पँटचा उजवा पाय क्लिपने आवळ. पूर्वी पोस्टमन, शिक्षक, तलाठी सगळे आवळायचे. चेन उजव्या बाजूला असते, काळं ग्रीस लागतं हे सोड, पाय अडकतो. आणि तुझ्या बहिणीला माझा निरोप दे. ती दवाखान्यात ड्यूटीला सायकलवर जाते, दिवा लावते, हे मी पाहिलं आहे. तुझ्यापेक्षा शहाणी आहे. पण ओढणी मागे सोडू नकोस म्हणावं. ती कमरेला गाठ मारून खोचायची, आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यायची. ओढणी चाकात गेली की गळा आवळतो. दवाखान्यात काम करणारीला ते मी समजावून सांगायला नको.

कानातल्या वायरींचं काय करायचं, ते विचारू नकोस. एसटीचा हॉर्न, ट्रॅक्टरची धडधड, मागून येणाऱ्या डंपरचं गुरगुरणं, हे सगळं तुला कानांनी कळायला हवं, कारण तुझ्या सायकलीला आरसा नाही. गाणी खुर्चीत बसून ऐक.

तुझ्या चेहऱ्यावर काय चाललं आहे, ते मला दिसतं. ‘सर एवढं सगळं कोण घेऊन जातं?’ हेच ना? मोजून बघ. पंक्चरचं सामान, पंप, दोन दिवे, रेनकोट, शर्ट, पाणी, डबा. सगळं मिळून या तुझ्या सॅकमधल्या ढिगाएवढंच भरतं. वजन तू आजही वाहतोसच. पण ते वेळेला काय कामाचं, हे एकदाही तुझ्या मनात आलं नाही. वर्गातही तू असाच होतास. दप्तर सगळ्यात जड, आणि परीक्षेच्या दिवशी पेन मागायला शेजारच्याकडे वळणारा तूच. तेव्हा मी पेन दिलं. ती माझी नरमाई होती असं कुणी म्हणेल. तू लहान होतास म्हणून दिलं. आता तुझ्यामागे बायको आहे, लेकरू आहे. अपघात झाला तर त्या ड्रायव्हरच्या डोक्यावरही तो जन्मभर राहील, हा विचार केलास कधी?

हा ढीग इथून उचल. जुन्या पावत्या उद्या पतसंस्थेत जागेवर ठेव, त्या तुझ्या घरच्या नाहीत. आज बाजारातून मागचा दिवा घे आणि तो लावूनच घरी जा. अंधार पडायला अजून तासभर आहे, दुकान उघडं आहे. रविवारी सकाळी आठ वाजता सायकल घेऊन माझ्या अंगणात ये. मी मागच्या चाकात खिळा मारीन. पंक्चर तू काढायचंस, माझ्यासमोर, तुझ्याच सामानाने. तुझ्या त्या मित्रालाही घेऊन ये, त्याच्या चाकातही मारीन.